ताज्या पाच नोंदी आणि राधानगरीचे सात दरवाजे

पावसाळ्यात मामाला फोन केला की 'कसा आहेस, जेवलास का' असलं काही होत नाही. पहिलं वाक्य थेट दरवाज्यांचं. "तीन उघडल्यात. रातीला अजून एक उघडतोय बघ." मग पाऊस, मग भात, आणि मग माणसं.

मामाचं गाव राधानगरी धरणाच्या खालच्या अंगाला, भोगावतीच्या काठी. शहरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना धरणाचे दरवाजे म्हणजे पेपरातला पांढऱ्याशुभ्र फेसाचा फोटो. तिकडे तो रोजच्या हिशेबाचा भाग असतो. एका दरवाज्यातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी, म्हणजे साधारण चाळीस हजार लिटर. असे सात दरवाजे. किती उघडलेत यावर नदीकाठच्या मळीतली मोटर वर काढायची का, जनावरं हलवायची का, आणि पोरांना बंधाऱ्यावरून पलीकडे शाळेला पाठवायचं का, हे ठरतं.

आणि या दरवाज्यांची गंमत अशी की ते कोणी उघडत नाही. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे धरण बांधायला घेतलं, मध्ये बरीच वर्षं काम बंद पडलं आणि पूर्ण व्हायला पन्नासचं दशक उजाडलं. त्याचे हे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की पाण्याच्या दाबानंच दार उघडतं, पातळी उतरली की आपोआप मिटतं. वीज लागत नाही, बटण दाबायला माणूस लागत नाही. दर मिनिटाला कोणी जाऊन 'भरलं का, भरलं का' असं विचारतही नाही.

हे शेवटचं वाक्य मला समजायला नऊ वर्षं लागली. आणि मी म्हणे सॉफ्टवेअर इंजिनिअर. :)

तर झालं असं. २०१० च्या सुमारास आम्ही राधानगरी तालुक्यातून बाहेर पडलेल्या दहा-बारा जणांनी एक छोटी साइट केली. गावाकडची खबरबात, कोणाचं लग्न, कोणाला रक्त हवंय, पाऊस किती झाला. लिहिणारे गावातलेच तिघं-चौघं, वाचणारे पुण्यापासून दुबईपर्यंत विखुरलेले. मुख्य पानावर 'ताज्या पाच नोंदी'. प्रोग्रामिंग अर्थातच माझ्याकडे आलं, कारण लग्नाच्या जेवणात वाढपी व्हायला कोणी नसलं की जो उभा दिसेल त्याच्या हातात बादली देतात. मी पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये एका रविवारी ते उरकलं. रासमुस लेर्डोर्फने १९९५ मध्ये पीएचपी लोकांसमोर ठेवली तेव्हा त्या आद्याक्षरांचा अर्थ 'पर्सनल होम पेज' असा होता, म्हणजे मुख्य पान हे तर तिचं जन्मजात काम. चाललं. एरवी दिवसाला शे-दीडशे लोक यायचे, कधी तक्रार नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. त्या पुराबद्दल नव्यानं काय सांगू? राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद. आमच्या साइटवर लिहिणारी पोरं धडपडत, मिळेल तिथे रेंज पकडून दर अर्ध्या तासाला नोंद टाकत होती. आणि त्याच रात्री मामाचा फोन.

"आरं, तुझं ते पान का उघडंना झालंय? नुसतं गोल गोल फिरतंय."

मी लॅपटॉप उघडला. खरंच फिरत होतं. थोड्या वेळानं फिरायचंही थांबलं आणि 'डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही' असं कोरडं वाक्य आलं. वर्षभर कोणी न येणारी साइट ज्या एका रात्रीसाठी होती, त्याच रात्री झोपली.

होस्टिंग स्वस्तातलं होतं हे खरं, पण त्याच्यावर बिल फाडण्यात अर्थ नाही. दोष माझ्या कोडचा होता. कोणी पान उघडलं की माझं कोड काय करायचं? डेटाबेसशी जोडणी करायचं आणि सगळ्याच्या सगळ्या नोंदी मागवायचं, 'सिलेक्ट स्टार', अगदी पूर्ण मजकुरासकट. तारखेनुसार उलट्या क्रमानं लावायचं. आणि मग पीएचपीच्या लूपमध्ये पाच झाल्या की थांबायचं! नऊ वर्षांच्या नोंदी उपसायच्या आणि पाच ठेवून बाकी टाकून द्यायच्या. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स नाही, त्यामुळे मायएसक्यूएल बिचारं दर वेळी पूर्ण तक्ता लावत बसायचं. त्यात पाचही नोंदींसाठी लेखकाचं नाव आणायला एक वेगळी क्वेरी, विभागाचं नाव आणायला दुसरी, फोटो मोजायला तिसरी. पाच त्रिक पंधरा आणि पहिली एक, सोळा. त्या रात्री दोनेकशे माणसं एका वेळी पान ताजं करत होती. उरलेला गुणाकार तुम्हीच करा.

त्या रात्री मी घाईघाईत जे करता आलं ते केलं. 'लिमिट पाच' लावलं, लागतात तेवढेच रकाने मागितले, तीन वेगळ्या क्वेऱ्यांच्या जागी एक जॉइन टाकला, आणि 'प्रसिद्ध आहे का' व 'तारीख' या दोघांचा मिळून एक इंडेक्स बनवला. असा जोड-इंडेक्स असला की डेटाबेसला काही लावावं लागत नाही. यादी लावलेलीच असते, तो वरच्या पाच उचलतो आणि थांबतो. (तारखेच्या जोडीला नोंदीचा क्रमांकही घ्यावा. एकाच मिनिटात दोन नोंदी पडल्या की नाहीतर त्या दर वेळी जागा बदलतात आणि वाचणाऱ्याला वाटतं आपलेच डोळे फिरले.) साइट उठली, धापा टाकत का होईना.

बहुतेक सल्ले इथे थांबतात. क्वेरी सुधारा, इंडेक्स लावा, झालं. मीही तेव्हा तसंच समजलो. पण पूर ओसरल्यावर निवांत बसून आकडे पाहिले तेव्हा जाणवलं, की प्रश्न क्वेरी मंद असण्याचा नव्हताच. ती चालतच का होती, हा होता. त्या रात्री नव्या नोंदी पडल्या असतील पंधरा-वीस. पान उघडलं गेलं हजारो वेळा. म्हणजे यादी बदलली वीस वेळा आणि आम्ही ती बनवली हजारो वेळा, एकसारखीच.

तर माझं मत असं, आणि कामावर यावरून मी अनेकांशी वाद घातलेला आहे: ताज्या नोंदींची यादी वाचणाऱ्यानं मागितल्यावर बनवायची गोष्ट नाहीच. ती लिहिणाऱ्यानं 'प्रसिद्ध करा' दाबलं त्या क्षणी बनवून ठेवायची. वाचणाऱ्याच्या वाट्याला तयार फाइल आली पाहिजे, बस. पाणी पातळीला आलं की दार उघडतं तसं नोंद आली की यादी बनते.

हा काही माझा शोध नव्हे. २००१ साली आलेलं मूव्हेबल टाइप हेच करायचं. नवं काही लिहिलं की पानंच्या पानं नव्यानं बनवून ठेवायचं. लोक वैतागायचे, कारण लिहिणाऱ्याला 'पुनर्बांधणी चालू आहे' बघत बसावं लागायचं. मग २००३ मध्ये वर्डप्रेस आलं, ते मागेल तेव्हा पान बनवायचं. लिहिणारे खूश झाले आणि कष्ट गुपचूप वाचणाऱ्याकडे गेले. नंतर तेच कष्ट कमी करायला कॅशची प्लगिनं निघाली. गाव फिरून पुन्हा वेशीपाशी, असा हा प्रवास.

पाच मिनिटांची कॅश ठेवली की झालं, असं बरेच जण म्हणतात. म्हणजे यादी फाइलमध्ये ठेवायची आणि पाच मिनिटांनी शिळी समजून पुन्हा बनवायची. मला हे अर्धवट वाटतं. एरवी महिनाभर नवी नोंद नसताना ती उगाच बनत राहते. आणि पुराच्या रात्री? पाच मिनिटं संपतात त्या क्षणी आलेले दोनशे जण सगळेच 'शिळी झाली' म्हणून एकदम डेटाबेसवर तुटून पडतात. वर पुन्हा नवी नोंद पाच मिनिटं दिसत नाही ते वेगळंच.

धरणाच्या खालीही हेच शहाणपण आहे बरं का. राधानगरीचं पाणी मुख्यतः नदीतच सोडतात आणि पुढे ओळीनं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांना बरगे घालायचे, पाणी अडतं, आणि शेतकरी आपल्या जवळच्या डोहातून मोटरीनं उचलतो. ऊस पाजायला कोणी पाइप घेऊन थेट धरणापर्यंत जात नाही. आम्ही मात्र प्रत्येक वाचकाला थेट धरणावर पाठवत होतो. (उपमा फार ताणत नाही, नाहीतर कोणीतरी विचारेल की बरगे काढायचे कधी. विचारणारे विचारतातच.)

करायचं कसं, तेही सांगतो, फार नाही. नोंद जतन झाली की त्याच कोडच्या शेवटी पाच नोंदींची यादी बनवा आणि एका तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये लिहा. पूर्ण लिहून झाली की तिचं नाव बदलून खऱ्या फाइलच्या जागी बसवा. एकाच डिस्कवर नाव बदलणं हे एका फटक्यात होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला जुनी यादी दिसेल किंवा नवी, अर्धवट कधीच नाही. थेट खऱ्या फाइलवर लिहायला गेलात तर नेमकं त्या क्षणी आलेल्याला अडीच नोंदी दिसतील. दुरुस्ती आणि खोडणं यांनाही हेच लावायचं. आणि मुख्य पानानं फक्त ती फाइल दाखवायची. डेटाबेस आजारी असला तरी पान उभं राहतं.

२०२० च्या पावसाळ्याआधी मी हे सगळं केलं आणि स्वतःवर फार खूश झालो. पान डोळ्याचं पातं लवायच्या आत येत होतं. मामाला फोन करून सांगितलंसुद्धा. त्याला फारसं कौतुक वाटलं नाही, "उघडतंय न्हवं? मग झालं."

आणि ऑगस्टमध्ये मामा खवळला.

झालं होतं असं की नोंदीखाली वेळ मी 'दहा मिनिटांपूर्वी' अशी छापत होतो. दिसायला छान, माणसाळलेली वाटते. आधी पान दर वेळी नव्यानं बनायचं तेव्हा ती बरोबरही असायची. पण आता यादी फाइलमध्ये गोठलेली. संध्याकाळी एकानं लिहिलं की बंधाऱ्यावरून वाहतूक चालू आहे, त्यानंतर त्याच्या फोनची बॅटरी संपली. पुढची नोंद आली नाही म्हणून यादी बनली नाही, आणि तीन तासांनंतरही ती नोंद 'दहा मिनिटांपूर्वी'चीच होती. मामा ते वाचून मोटरसायकल काढून निघाला. बंधाऱ्यावर पोचला तेव्हा अंधारात पाण्याचा आवाज नेहमीपेक्षा जवळ वाटला, म्हणून थांबला. हेडलाइटच्या उजेडात बंधारा दिसतच नव्हता.

"दहा मिनिटं म्हणं. दहा मिनिटांत एवढं पाणी येतंय व्हय रं?"

मला काही बोलताच आलं नाही. आदल्या वर्षीचं पान बंद पडलं होतं, ते तरी प्रामाणिक होतं. बंद पानावर विश्वास ठेवून कोणी बंधाऱ्यावर जात नाही. हे पान वेगानं, सुबकपणे खोटं बोलत होतं.

तेव्हापासून माझ्या कुठल्याही यादीत 'थोड्या वेळापूर्वी', 'आत्ताच', 'काल' हे शब्द नाहीत. वार, तारीख आणि वेळ, पूर्ण. शिवाय यादीच्या डोक्यावर एक बारीक ओळ, 'शेवटची नोंद अमुक वाजता'. आणि सर्व्हर अमेरिकेत असला तर पीएचपीला 'एशिया-कोलकाता' हा टाइमझोन स्पष्ट सांगायचा, नाहीतर सकाळची नोंद आदल्या रात्रीची दिसते. तुम्हाला 'दहा मिनिटांपूर्वी'चा सोस असेलच तर ते गणित वाचणाऱ्याच्या ब्राउझरला करू द्या, त्याच्यापाशी चालतं घड्याळ असतं. फाइलपाशी नसतं.

असाच दुसरा सापळा सारांशाचा, आणि हा तर खास आपल्या भाषेचा. मुख्य पानावर पूर्ण नोंद दाखवत नाहीत, पहिली शंभरेक अक्षरं आणि पुढे तीन टिंबं. पीएचपीचं साधं 'सबस्ट्र' अक्षरं नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. 'राधानगरी' हा शब्द चोवीस बाइट. मध्येच कापलं की शेवटी तो काळा चौकट-प्रश्नचिन्हाचा डाग. मग आपण 'एमबी-सबस्ट्र' वापरतो. डाग जातो, पण ते काना-मात्रा सुट्या मोजतं, म्हणून 'पाणी'चं 'पाण' होतं आणि जोडाक्षराचा पाय मोडून लटकतो. 'ग्राफीम-सबस्ट्र' त्यापेक्षा बरं, ते अक्षर अख्खं धरतं. इथवर सगळं पुस्तकी.

पण एकदा एक सारांश बघून माझ्या पोटात गोळा आला. अक्षर न् अक्षर नीट होतं, शब्दही पूर्ण होता. नोंद अशी होती, की अमुक बंधाऱ्यावरून वाहतूक अजून सुरू झालेली नाही. आणि कात्री बसली होती 'सुरू' वर. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो! इंग्रजीत 'नॉट' आधीच येऊन जातो, त्यामुळे वाक्य लवकर कापलं तरी बहुधा अर्थ उलटा होत नाही. आपलं वाक्य शेपटाशी कापलं की 'नाही'च गळून पडतं. ज्यांनी ही सारांश कापायची पद्धत पाडली त्यांना हे सुचायचं कारणच नव्हतं. आपल्याला सुचायला हवं होतं. आता आमच्याकडे यंत्र कापत नाही. लिहिणाराच एका ओळीत मुद्दा लिहितो, ती ओळ नोंदीबरोबर जतन होते आणि यादीत तीच दिसते. ओळ लिहिली नसेल तर पहिलं वाक्य पूर्णविरामापर्यंत, कितीही लांब असो. डिझाइन बिघडतं, बिघडू दे.

माझ्या पद्धतीत भोकं नाहीत असं मुळीच नाही. २०२१ च्या पुरात आमच्यातल्या एकानं नोंदीतला चुकलेला आकडा थेट डेटाबेसमध्ये शिरून बदलला. 'प्रसिद्ध करा' दाबलंच नाही, म्हणून यादी बनली नाही, आणि मुख्य पानावर चुकीचा आकडा तसाच. त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी राधानगरीला दुरुस्तीचं काम चालू असताना दरवाजा उघडा अडकला. ते सात स्वयंचलित दरवाजे नव्हेत, सेवाद्वार. भर थंडीत, पाऊस नसताना नदीचं पाणी चढलं. तेव्हा मला आपला तो बदललेला आकडा आठवला. आपोआप चालणारं कितीही पक्कं असो, दुरुस्तीची वाट वेगळी असते आणि घोटाळा तिथे होतो. म्हणून आता दर तासाला एक क्रॉन चालतो, जो काही बदललंय की नाही न बघता यादी नव्यानं बनवतो. पुढच्या तारखेला दिसायच्या नोंदींनाही तोच लागतो, कारण त्या वेळी बटण दाबायला कोणी नसतं. तत्त्वाला थोडी मुरड घातली, कबूल.

असो. 'आजकाल सर्व्हर स्वस्त झालेत, एवढं कशाला' हे आमच्या ऑफिसातल्या पोरांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या कामात ते खरंही असेल. पण आमच्या वाचकाकडे पुराच्या रात्री वीज नसते, फोनमध्ये पंधरा टक्के बॅटरी असते आणि रेंजची एक काडी. त्याच्यासाठी सर्व्हर विकत घेऊन भागत नाही. पान लहान आणि तयार असावं लागतं. आमचं मुख्य पान आता फोटोशिवाय येतं, पाच ओळी आणि पाच वेळा.

मामा अजूनही त्या पानावर पूर्ण विश्वास ठेवत नाही. आधी नदीवर जाऊन बघून येतो, मग पान उघडतो आणि दोन्ही जुळलं का ते मला फोनवर सांगतो. परवा सगळं जुळलं होतं, तरी तक्रार होतीच. अक्षर बारीक आहे म्हणे, चष्मा शोधेपर्यंत पाणी उंबऱ्याला येईल. तेवढं या रविवारी करून टाकतो.